०.६९१ की ०.६८५? मानव विकास निर्देशांक हाताने मांडून पाहताना

पाऊलखूण

गेले दोन आठवडे एका आकड्याने डोकं खाल्लंय, म्हणून हा धागा.

विकासाच्या क्रमवारीत कुठला देश कितवा यावर आपण तावातावाने बोलतो. पण तो क्रम ज्यावरून लागतो तो मानव विकास निर्देशांक कसा निघतो, हे मी तरी कधी हाताने करून पाहिलं नव्हतं. परवा बसले कागद घेऊन. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या २०२५ च्या मानव विकास अहवालातली भारताची ओळ घेतली. आकडे २०२३ सालचे आहेत: जन्मावेळचं सरासरी आयुर्मान ७२ वर्षं, अपेक्षित शालेय वर्षं (आज शाळेत पाऊल टाकणाऱ्या मुलाला मिळतील अशी) १३, पंचवीस आणि त्यापुढच्या वयाच्या लोकांची सरासरी शालेय वर्षं ६.९, दरडोई राष्ट्रीय उत्पन्न सुमारे ९,०४७ डॉलर.

प्रत्येक मापाला खालची आणि वरची हद्द ठरवून दिलेली आहे. आयुर्मानाची २० ते ८५. म्हणजे ७२ मधून २० गेले, ५२ उरले, त्याला ६५ ने भागलं: ०.८००. शिक्षणात १३ भागिले १८ म्हणजे ०.७२२ आणि ६.९ भागिले १५ म्हणजे ०.४६०. या दोन्हींची सरासरी ०.५९१. उत्पन्नाची हद्द १०० ते ७५,००० डॉलर, पण तिथे सरळ भागाकार चालत नाही, लॉग, म्हणजे लघुगणक, घ्यावा लागतो. तो घेतल्यावर ०.६८१.

तिन्ही आकडे मिळवून तीनने भागले. उत्तर आलं ०.६९१. अहवालात छापलंय ०.६८५.

तीनदा पडताळून पाहिलं. फरक तेवढाच राहतो. तुम्ही म्हणाल ०.००६ ने काय बिघडतं, पण मधल्या फळीतले देश एकमेकांना इतके चिकटून आहेत की एवढ्यानेही दोन-तीन पायऱ्या इकडच्या तिकडे होतात. कुठे चुकतेय मी?

आणि दुसरा प्रश्न, जो हे करताना जास्त टोचला: वर्षं, इयत्ता आणि डॉलर यांची बेरीज करण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? आयुष्याची तेरा वर्षं कमी असतील तर ती किती डॉलरने भरून निघतात?

---

दशमान

तुमचे उपांक, म्हणजे आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न यांचे सुटे आकडे, अगदी बरोबर आहेत. चुकली ती फक्त शेवटची पायरी. २०१० पासून तीन उपांकांची साधी सरासरी घेत नाहीत, भूमितीमध्य घेतात. तिघांचा गुणाकार करा आणि घनमूळ काढा. ०.८०० × ०.५९१ × ०.६८१ म्हणजे ०.३२२ च्या आसपास, त्याचं घनमूळ ०.६८५. जुळलं.

२०१० च्या आधी ही शेवटची पायरी तुम्ही केलीत तशीच होती. ती का बदलली हे समजायला दोन काल्पनिक देश घ्या. पहिल्याचे तिन्ही उपांक ०.६. दुसऱ्याचे ०.९, ०.६ आणि ०.३. साध्या सरासरीने दोघेही ०.६ वर, शेजारी शेजारी. भूमितीमध्याने पहिला ०.६ वरच राहतो आणि दुसरा ०.५४५ वर उतरतो. पैसा भरपूर आहे पण शाळा नाहीत, असं म्हणणाऱ्या देशाला साध्या सरासरीत एका खिशातलं दुसऱ्या खिशात घालून मोकळं होता यायचं. घनमूळ ते फुकट करू देत नाही.

म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या घनमुळातच आहे. ते केवळ गणित नाही. एका गोष्टीची उणीव दुसरीने किती भरून निघू द्यायची, याबद्दलचा तो निर्णय आहे.

---

नवी पाटी

वाचतेय. दोन बाळबोध प्रश्न विचारू का? उत्पन्नालाच लॉग का? आणि हे डॉलर कुठले, बँकेत बदलून मिळतात ते?

---

दशमान

बाळबोध अजिबात नाहीत.

लॉग अशासाठी की वर्षाला १,००० डॉलर मिळवणाऱ्याचे २,००० झाले तर त्याचं आयुष्य पालटतं. ४०,००० वाल्याचे ४१,००० झाले तर त्याला ते महिनाअखेरीस कळेल कदाचित. दोघांनाही हजारच मिळाले. या सूत्रात उत्पन्न दुप्पट झालं की उपांक ०.१०५ ने वाढतो, मग दुप्पट कुठूनही होवो. पहिल्या माणसाला ते ०.१०५ पूर्ण मिळतात, दुसऱ्याच्या वाट्याला ०.००४ देखील येत नाहीत.

डॉलर बँकेतले नाहीत. ते क्रयशक्तीचे आहेत, ज्यांना पीपीपी म्हणतात. केस कापणं, घरभाडं, शिकवणी या गोष्टी सीमेपार विकता येत नाहीत, त्यामुळे गरीब देशात त्या स्वस्त असतात. बाजारातल्या विनिमय दराने तुलना केली तर गरीब देश आहेत त्याहून गरीब दिसतात. म्हणून देशोदेशी त्याच त्या ठरावीक वस्तूंच्या आणि सेवांच्या किमती गोळा करून दर काढावा लागतो. १९६८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आयर्व्हिंग क्रेव्हिस यांच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांबरोबर हे काम सुरू झालं. आता जागतिक बँक ते चालवते.

यातला खरा त्रास 'तीच वस्तू' म्हणजे काय हे ठरवण्यात आहे. एका देशात रोज वापरतात ती वस्तू दुसऱ्या देशात फक्त बड्या दुकानात मिळते. मग किंमत कुठली धरायची? प्रत्येक फेरीत हे भांडण नव्याने होतं.

---

आडवाट

चांगला धागा. पण मला थोडं विरुद्ध बाजूने बोलायचंय.

दरडोई उत्पन्न हे अपुरं माप आहे हे मान्य. पण आजकाल त्याला झोडपणं फार सोपं झालंय. लोकसंख्याशास्त्रज्ञ सॅम्युअल प्रेस्टन यांनी १९७५ मध्ये देशोदेशींचं उत्पन्न आणि आयुर्मान एका आलेखावर मांडलं. गरिबीच्या टोकाला ती रेघ जवळजवळ उभी चढते. थोडं उत्पन्न वाढलं की आयुष्य झपाट्याने वाढतं. चीनमध्ये चाळीस वर्षांत सुमारे ८० कोटी माणसं अतिगरिबीतून बाहेर आली. ती निर्देशांक सुधारून आली नाहीत, उत्पादन वाढून आली. दवाखाना बांधायला, शिक्षकाचा पगार द्यायला सरकारी तिजोरीत कर यावा लागतो आणि कर उत्पन्नातून येतो.

आणखी एक. जीडीपी दर तिमाहीला मिळतो. मानव विकास निर्देशांक आज छापला तरी आकडे दीड-दोन वर्षांपूर्वीचे. संकट आलं की निर्णय कशावर घ्यायचा?

---

पाऊलखूण

दशमान, मनापासून आभार. ०.६८५ आलं तेव्हा जे समाधान वाटलं ते सांगता येत नाही.

आडवाट, तुमचा शेवटचा मुद्दा मला पटतो. तेवढ्याचसाठी तर राष्ट्रीय उत्पन्नाचा आकडा जन्माला आला. महामंदीत अमेरिकेच्या सरकारला मालगाड्यांचे डबे किती भरले, पोलाद किती वितळलं एवढं कळत होतं, पण देशाचं एकूण उत्पन्न किती घसरलं हे सांगणारा एकही आकडा हाताशी नव्हता. अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्ये सिनेटला अहवाल दिला तेव्हा कळलं की १९२९ ते १९३२ मध्ये ते निम्म्याहून अधिक खाली आलंय. आणि मला ज्याचं सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं ते हे, की त्याच अहवालात कुझनेट्स यांनी स्वतःच बजावून ठेवलंय: राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यावरून राष्ट्राचं कल्याण ओळखू नका. ज्याने माप घडवलं त्यानेच मापाची हद्द पहिल्या दिवशी आखून दिली होती.

मानव विकास निर्देशांकाची जन्मकथाही थोडी अशीच आहे. १९९० मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमासाठी महबूब उल हक यांनी पहिला अहवाल काढला. ते पाकिस्तानचे अर्थमंत्री राहिलेले, आकडे सरकारात कसे वापरले जातात हे आतून पाहिलेले. त्यांचे मित्र अमर्त्य सेन यांना एकच आकडा काढायची कल्पना पसंत नव्हती. माणसाला काय करता येतं, काय होता येतं, हे सगळं एका दशांश अपूर्णांकात कोंबणं त्यांना फार ढोबळ वाटत होतं. हक यांचं म्हणणं असं की दरडोई उत्पन्नाला हटवायचं तर त्याच्याइतकाच ढोबळ, एकच आकडा लागेल. फक्त तो माणसांच्या जगण्याकडे डोळेझाक करणारा नसावा. पानंच्या पानं तक्ते दिले तर लोक आदराने चाळतील आणि पुन्हा उत्पन्नाच्या आकड्याकडे वळतील. पुढे सेन यांनीच हे मोकळेपणाने सांगितलं आणि हक यांचं बरोबर होतं असंही मान्य केलं.

उत्पन्न हवंच. पण कोस्टा रिकाचं दरडोई उत्पन्न अमेरिकेच्या कितीतरी खाली असून तिथली माणसं अमेरिकेइतकीच, किंचित जास्तच, जगतात. १९४८ मध्ये त्यांनी सैन्यच मोडीत काढलं आणि पैसा आरोग्य-शिक्षणाकडे वळवला. तुमच्या त्या आलेखात असे देश रेघेच्या वर दिसतात. प्रेस्टन यांचा अर्धा निष्कर्ष तोच होता: रेघ स्वतःच वर सरकत गेली. म्हणजे तेवढ्याच उत्पन्नात आधीच्या पिढीपेक्षा जास्त आयुष्य मिळू लागलं, लसी आणि स्वच्छतेच्या ज्ञानामुळे.

---

उंबरठा

तुम्ही सगळे उत्पन्न 'अपुरं' म्हणताय. मला त्याच्या आत काय धरतात आणि काय नाही, याबद्दल बोलायचंय.

राष्ट्रीय हिशोबाचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, जगभरचे सांख्यिकी विभाग त्यांना धरून चालतात. त्या नियमांनुसार घरच्यासाठी केलेल्या वस्तूंचं उत्पादन हिशोबात धरायचं, घरच्यासाठी केलेल्या सेवा धरायच्या नाहीत. आता हे एका बाईच्या सकाळीला लावून बघा. ती दोन मैलांवरून पाणी भरून आणते. नियमाप्रमाणे हे उत्पादन आहे, निदान कागदावर धरायला हवं. दारात आल्यावर तेच पाणी ती उकळते, गाळते, आजारी सासऱ्यांना पाजते, त्यांना आंघोळ घालते. हे उत्पादन नाही. तिने दुसऱ्याच्या घरी जाऊन पगारावर हेच केलं तर मात्र ते पुन्हा उत्पादन. त्याच हातांचं तेच काम, पण हिशोबाची रेघ उंबरठ्यावरून जाते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ मध्ये ६४ देशांच्या वेळवापर पाहण्यांवरून हिशोब मांडला. बिनपगारी देखभालीच्या कामात रोज १,६४० कोटी तास जातात. दोनशे कोटी माणसांनी रोज आठ तास बिनपगारी राबावं, तेवढे. त्यातले तीन चतुर्थांशांहून जास्त तास बायकांचे.

आणि याचा परिणाम नुसता कौतुक न होण्यापुरता नाही. सरकारने रुग्णालयातला मुक्काम कमी केला की खर्च वाचला, कार्यक्षमता वाढली असं दिसतं. खर्च वाचलेला नसतो. तो रुग्णालयाच्या वहीतून उठून कुणाच्या तरी घरी, कुणाच्या तरी झोपेच्या तासांत गेलेला असतो. तिथे मोजणारं कुणी नाही म्हणून तो शून्य.

मानव विकास निर्देशांकातही हे येत नाही, हेही सांगायला हवं. तिच्या सकाळीचे ते तास तिथेही कुठल्याच रकान्यात नाहीत.

---

काठावर

उंबरठा यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. रुग्णालयाच्या मुक्कामाचं मी कधीच असं पाहिलं नव्हतं. वडिलांच्या आजारपणात आईने नोकरी सोडली होती. त्या तीन वर्षांचा हिशोब आज पहिल्यांदा मांडावासा वाटतोय.

---

शिरगणती

मी बरीच वर्षं घरोघरी जाऊन प्रश्नावल्या भरल्या आहेत. इथे सगळे ६.९, ०.७२२ असं बोलताय, तर तो ६.९ दाराशी कसा तयार होतो ते सांगते.

प्रश्न साधा असतो: किती इयत्ता पूर्ण झाल्या? एका बाईने उत्तर दिलं, "आठवीत होते." आता ही आठवी पूर्ण झालेली आठवी की अर्ध्यावर सुटलेली? रकान्यात ७ लिहायचे की ८? मी पुन्हा विचारलं. ती गप्प. आतून नवऱ्याचा आवाज आला, "आठवी लिहा हो." मी थांबले. तिच्याकडेच बघत राहिले. मग ती म्हणाली, "परीक्षेला बसले नव्हते." मी ७ लिहिले. दिवसभरात चौदा-पंधरा घरं करायची असतात. शेवटच्या घरी इतका वेळ थांबण्याचं त्राण प्रत्येकीत उरतंच असं नाही, हेही खरं.

वयाचं तसंच. "चाळीस लिहा", "पन्नास असेल". कच्च्या आकड्यांचा आलेख काढला की शून्य आणि पाच शेवटी असलेल्या वयांवर सुळके उभे राहतात आणि ३९, ४१, ४९ वर खड्डे. याला मोजायची पट्टीही आहे, व्हिपल यांचा निर्देशांक. वयं नीट सांगितलेली असतील तर १००, सगळ्यांनीच शून्य-पाचवाली वयं सांगितली तर ५००. हे सुळके गुळगुळीत केल्याशिवाय त्यावरून आयुर्मानाचं कोष्टक मांडता येत नाही.

पण सगळ्यात मोठा धडा मला संदर्भकाळाने शिकवला. खर्च विचारताना 'गेल्या ३० दिवसांत' म्हणायचं की 'गेल्या ७ दिवसांत'? महिन्याचं विचारलं की माणसं बारीकसारीक विसरतात, खर्च कमी सांगतात. आठवड्याचं विचारलं की ताजं आठवतं, खर्च जास्त भरतो. भारतात नव्वदच्या दशकात राष्ट्रीय नमुना पाहणीने दोन्ही पद्धती वेगवेगळ्या घरांवर वापरून पाहिल्या, तेव्हा खाण्यापिण्यासाठी आठवड्याचा संदर्भकाळ घेतल्यावर मोजलेली गरिबी जवळपास निम्म्यावर आली. कुणाच्याही घरात एक पैसा जास्त आला नव्हता. मग १९९९-२००० च्या फेरीत दोन्ही प्रश्न एकाच घराला शेजारी शेजारी विचारले गेले. एका उत्तराची सावली दुसऱ्यावर पडली आणि त्या दशकात गरिबी किती घटली यावर अर्थतज्ज्ञ पुढे कितीतरी वर्षं वाद घालत राहिले.

म्हणून कुणी गरिबी इतकी घटली असं सांगितलं की मी आधी विचारते, प्रश्न तोच होता का?

---

दशमान

शिरगणती, असं लिहिणारं कुणी भेटत नाही हो. आम्ही खुर्चीत बसून ६.९ ला १५ ने भागतो. त्या ७ मागचं थांबणं आज कळलं.

पाऊलखूण यांचा दुसरा प्रश्न अर्धा राहिला होता, आयुष्याचं एक वर्ष किती डॉलरचं. सूत्रातून ते काढता येतं. काल रात्री काढलं आणि अस्वस्थ झालो.

समजा एका देशात आयुर्मान ६० आणि दरडोई उत्पन्न १,००० डॉलर. तिथे आयुर्मान एका वर्षाने वाढलं तर निर्देशांक जेवढा वर जाईल, तेवढाच वर जायला उत्पन्न कितीने वाढायला हवं? उत्तर: ५९ डॉलर. आता दुसरा देश, आयुर्मान ८२, उत्पन्न ६०,०००. तिथे हेच उत्तर साडेसहा हजार डॉलरच्या आसपास येतं.

म्हणजे हे सूत्र न बोलता असं म्हणतं की श्रीमंत देशातल्या माणसाचं एक वर्ष गरीब देशातल्या माणसाच्या एका वर्षाहून शंभरपटीने महाग. असं कुणी मुद्दाम ठरवलं नाही. लॉग आणि घनमूळ, दोन्ही चांगल्या हेतूने घेतलेले, एकत्र आल्यावर हे बाहेर पडतं. जागतिक बँकेत बरीच वर्षं गरिबी मोजणारे मार्टिन रॅव्हेलियन यांनी २०१० च्या बदलानंतर नेमका हाच आक्षेप घेतला होता. मी घनमुळाची वर एवढी तारीफ केली. ती मागे घेत नाही, पण तिच्या शेजारी हेही लिहून ठेवतो.

---

आडवाट

दशमान, ५९ आणि साडेसहा हजार मी स्वतः पडताळून पाहिले. बरोबर आहेत. खरंच धक्का बसला.

मीही माझ्या बाजूच्या दोन गोष्टी कबूल करतो. पहिली, आयर्लंड. २०१५ मध्ये तिथला जीडीपी एका वर्षात सुमारे २५ टक्क्यांनी वाढला. लोकांचं उत्पन्न तसं वाढलं नव्हतं. बड्या बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली पेटंटं आणि बौद्धिक मालमत्ता कागदोपत्री तिकडे हलवली होती. शेवटी तिथल्या सांख्यिकी कार्यालयाला स्वतःच्या देशासाठी वेगळं, सुधारित राष्ट्रीय उत्पन्न काढावं लागलं. दुसरी, नायजेरिया. एप्रिल २०१४ मध्ये त्यांनी हिशोबाचं पायाभूत वर्ष, म्हणजे ज्या वर्षाच्या किमती आणि उद्योगांचे वाटे धरून जीडीपी मांडतात ते, १९९० वरून २०१० वर आणलं. मोबाइल सेवा, चित्रपट उद्योग, जे १९९० मध्ये नगण्य होतं ते आता नीट मोजलं गेलं आणि २०१३ चा जीडीपी ८९ टक्क्यांनी वाढला. दक्षिण आफ्रिकेला मागे टाकून तेव्हा ती खंडातली सगळ्यात मोठी अर्थव्यवस्था ठरली. आदल्या रात्री उपाशी झोपलेला माणूस सकाळी उपाशीच उठला.

तरी माझा मूळ मुद्दा सोडत नाही. यातून जीडीपी टाकाऊ ठरत नाही. तो नीट मोजायला हवा, एवढंच ठरतं. नायजेरियाचा जुना आकडाच चुकीचा होता.

---

नवी पाटी

आणखी एक विचारते. आयुर्मान ४० होतं म्हणजे लोक चाळिशीत म्हातारे होऊन मरत होते का?

---

शिरगणती

नाही. शंभर मुलं जन्मली आणि वीस पहिल्याच वर्षात गेली, उरलेली ऐंशी सत्तरीपर्यंत जगली असं समजा. सरासरी निघेल ५६ च्या आसपास. छप्पन्नाव्या वर्षी एकही माणूस गेलेला नाही. आयुर्मान कमी असेल तर बहुतेक वेळा त्यात पाळण्यातली माणसं असतात. म्हणून मी त्या आकड्याच्या शेजारी बालमृत्युदर ठेवल्याशिवाय त्याबद्दल बोलत नाही.

दुसरं, जन्मावेळचं आयुर्मान हे भाकीत नसतं. आज ज्या वयाला जेवढे मृत्यू होतात तेच प्रमाण कायम राहिलं तर आज जन्मलेलं मूल किती जगेल, एवढंच ते सांगतं. साथ आली की म्हणूनच ते एकदम कोसळतं. अमेरिकेचं २०१९ मध्ये ७८.८ होतं, २०२१ मध्ये ७६.४. त्या २०२१ मध्ये तिथला जीडीपी चांगला वाढला होता.

---

उंबरठा

सरासरीबद्दल एवढं चाललंय तर बहुआयामी दारिद्र्याचंही कुणीतरी लिहा. तिथे तरी घराघराचं बघतात ना?

---

शिरगणती

हो, ते माझं आवडतं माप आहे. २०१० मध्येच आलं. ऑक्सफर्डमध्ये सबिना अल्कायर आणि जेम्स फॉस्टर यांनी त्याची पद्धत बसवली. तिथे सुरुवात देशापासून होत नाही, एका घरापासून होते. एकाच घरावर एकाच वेळी किती उणिवा येऊन पडल्यात, हे विचारलं जातं.

आरोग्य, शिक्षण, राहणीमान, प्रत्येकाला एक तृतीयांश वजन. आरोग्यात पोषण आणि बालमृत्यू, शिक्षणात शालेय वर्षं आणि शाळेतली उपस्थिती, हे चार प्रत्येकी १/६. राहणीमानात इंधन, शौचालय, पाणी, वीज, घर, वस्तू हे सहा प्रत्येकी १/१८. उणिवांची बेरीज १/३ किंवा जास्त झाली की ते घर बहुआयामी गरीब.

आता एक घर घ्या. शाळेच्या वयाचं मूल शाळेत जात नाही, ३/१८. चूल लाकडावर, १/१८. पाणी आणायला जाऊन-येऊन अर्ध्या तासापेक्षा जास्त, १/१८. शौचालय आहे, पण शेजारच्या कुटुंबाबरोबर सामाईक. जागतिक मापात ते उणीव धरतात, १/१८. बेरीज ६/१८, बरोबर एक तृतीयांश. घर गरीब. उद्या पाण्याचा नळ दाराशी आला की ५/१८ आणि घर यादीतून बाहेर. मूल अजून शाळेत नाहीच.

म्हणून नुसते किती टक्के गरीब हे बघायचं नाही. गरिबांच्या वाट्याला सरासरी किती उणिवा येतात हेही बघायचं. निर्देशांक या दोहोंच्या गुणाकाराने निघतो. ज्या घरात १५/१८ आहे तिथली एक उणीव मिटली तरी टक्केवारी हलत नाही, हा गुणाकार मात्र हलतो. टक्केवारीवरच शाबासकी मिळणार असेल तर अधिकारी रेघेच्या काठावरची घरं शोधत फिरतील. हे मी होताना पाहिलंय. एका कामात आम्हाला सांगितलं गेलं होतं की 'जवळची' घरं आधी घ्या.

---

पाऊलखूण

शेवटचं घर वाचून थांबले थोडा वेळ.

एक गोष्ट अजून खुपतेय, दशमान. तिन्ही उपांकांचा भूमितीमध्य घेता, मग शिक्षणाच्या आतल्या दोन आकड्यांची साधी सरासरीच का? ०.७२२ आणि ०.४६०. तिथे एक दुसऱ्याची उणीव झाकतोय ना?

---

दशमान

नेमकं पकडलंत. २०१० मध्ये तिथेही भूमितीमध्यच होता. २०१४ च्या अहवालापासून साधी सरासरी आणली. मला यातलं कारण पटतं. आरोग्य आणि उत्पन्न एकाच माणसाच्या दोन बाजू आहेत. शिक्षणाचे दोन आकडे मात्र दोन वेगळ्या माणसांचे. ६.९ हे पंचविशी ओलांडलेल्यांचं, जे होऊन गेलं. १३ हे आज शाळेत पाऊल टाकणाऱ्या मुलाचं, आजची पटनोंदणी टिकली तर. मोठ्यांच्या न झालेल्या शाळेची शिक्षा मुलांच्या होणाऱ्या शाळेला गुणाकारात देणं बरोबर नाही. अर्थात त्यामुळे दरी झाकली जाते, हा तुमचा मुद्दाही खरा. म्हणून मी हे दोन आकडे नेहमी सुटेच वाचतो.

---

शिरगणती

त्या आठवीवालीच्या घरचं राहिलंच सांगायचं. मी ७ लिहीत असताना तिची मुलगी माझ्या खांद्यावरून प्रश्नावली वाचत होती. आईच्या आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ मी चुकवला होता, तो तिने बोट ठेवून दाखवला. मग तिचा रकाना आला. इयत्ता अकरावी, शाळेत जाते: हो. आईचे ७ तुमच्या ६.९ मध्ये गेले. मुलीचा 'हो' तुमच्या १३ मध्ये. दोन्ही एकाच पानावर, वर-खाली, मधे दोन ओळींचं अंतर.